ऑटोक्रॉससाठी टायरचा साइज: आधी रिम बघा, मग रुंदी

प्रश्न विचारणाऱ्यांनी तपशील नीट दिले आहेत, त्यामुळे गोल गोल उत्तर द्यावं लागणार नाही. गाडी टोयोटा जीआर८६, मॅन्युअल. कंपनीची १७ इंची चाकं, रिमची रुंदी साडेसात इंच, त्यावर २१५/४५ आर१७ टायर (रुंदी २१५ मिमी, बाजूच्या भिंतीची म्हणजे साइडवॉलची उंची त्याच्या ४५ टक्के, रिम १७ इंची). राहायला मिशिगनमध्ये. गेला मोसम मूळ टायरवर काढला, यंदा एससीसीएच्या (स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका) ऑटोक्रॉस स्पर्धांत स्ट्रीट वर्गात, म्हणजे जवळजवळ मूळ अवस्थेतल्या गाड्यांच्या वर्गात, मनापासून उतरायचं आहे. गाडी अधूनमधून ऑफिसलाही जाते. पॅडॉकमध्ये (स्पर्धेच्या गाड्या उभ्या करतात तिथे) तीन जणांनी तीन सल्ले दिले: एकाने २२५/४५, दुसऱ्याने २४५/४०, तिसऱ्याने "बसेल तेवढा रुंद घे" म्हणत २५५/४०. ऐकायचं कुणाचं?

हा प्रश्न रुंदीचा दिसत असला तरी खरा प्रश्न रिमचा आहे. स्ट्रीट वर्गात रिमची रुंदी बदलता येत नाही. मूळ रिम साडेसात इंचांची, तर स्पर्धेची रिमही साडेसातचीच. व्यास एक इंचाने कमी-जास्त चालतो, ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं ते माप) थोडा इकडे-तिकडे चालतो, टायरचा साइज मात्र गाडीच्या मूळ पत्र्यात बसेल तो, पण ट्रेडवेअर (टायरवर छापलेला झिजेचा आकडा) किमान २०० हवं. म्हणजे टायर मोकळा आणि रिम बांधलेली. त्यामुळे विचारायचं ते असं: साडेसात इंचांच्या रिमवर किती रुंदीचा टायर नीट काम करतो, आणि तुमच्या हवामानात, तुमच्या मैदानावर तो पुरेसा तापतो का?

नियमावली दरवर्षी नवी निघते, तेव्हा टायर मागवण्याआधी चालू वर्षाची प्रत उघडून आपल्या वर्गाचं पान स्वतः वाचा. पॅडॉकमधल्या ऐकीव माहितीवर हजार-बाराशे डॉलर खर्च करू नका.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. अमेरिकेत ऑटोक्रॉस म्हणजे मोठ्या पार्किंगवर किंवा जुन्या धावपट्टीवर प्लास्टिकचे कोन मांडून आखलेला रस्ता. एका वेळी एकच गाडी धावते, तिची स्पर्धा वेळेशी. एक रन साधारण मिनिटभराचा किंवा त्याहून कमी. कोन पाडला की दोन सेकंदांचा दंड. दिवसभरात रन मोजकेच मिळतात. टायरच्या दृष्टीने यातली महत्त्वाची गोष्ट ही की सर्किटसारखे वीस मिनिटं सलग तापायला टायरला वेळच मिळत नाही. मिनिटभर जीव तोडून काम आणि मग रांगेत थांबून थंड होणं, असं त्याचं आयुष्य.

आता रुंदीबद्दल. "रुंद टायर म्हणजे जमिनीवर जास्त रबर" हे अर्धंच खरं आहे. जमिनीला टेकलेल्या भागाचं क्षेत्रफळ मुख्यतः त्या चाकावरचं वजन आणि आतली हवा यांवर ठरतं. हवा तीच ठेवून टायर रुंद केला तर टेकलेला भाग आडवा पसरतो आणि लांबीला आखूड होतो, क्षेत्रफळ फारसं वाढत नाही. तरीही रुंद टायर वळणात जास्त पकड देतो, आणि त्याची कारणं वेगळी आहेत. आखूड-रुंद ठसा वळताना कमी पिळवटतो. उष्णता सामावायला रबर जास्त असतं. सगळ्यात मोठं कारण म्हणजे टायरवरचं वजन दुप्पट झालं तर पकड दुप्पट होत नाही, त्याहून कमी वाढते. जोरात डावीकडे वळताना उजव्या पुढच्या चाकावर प्रचंड भार येतो, आणि तिथे होणारी ही घट रुंद टायर थोडी कमी करतो.

हा फायदा मिळण्यासाठी टायरला खालून आधार लागतो, आणि तो रिम देते. २४५/४० आर१७ या साइजला टायर कंपन्यांची शिफारस आठ ते साडेनऊ इंच रिमची आहे, आणि तक्त्यात छापलेली रुंदी साडेआठ इंचांच्या रिमवर मोजलेली असते. २५५/४० ची शिफारस साडेआठपासून पुढे सुरू होते. २२५/४५ ची सात ते साडेआठ, आणि मोजमापाची रिम साडेसात, म्हणजे नेमकी तुमची. रिम अर्ध्या इंचाने अरुंद केली की टायरची रुंदी साधारण पाच मिलिमीटरने घटते, असा ढोबळ हिशेब आहे. म्हणजे साडेसातवर चढवलेला २४५ हा तक्त्यातल्या आकड्यापेक्षा सेंटिमीटरभर अरुंद बसतो. पैसे मोजले पूर्ण रुंदीचे, हातात आली त्याहून कमी.

यापेक्षा मोठी अडचण साइडवॉलची आहे. अरुंद रिमवर टायरचे दोन्ही काठ आत ओढले जातात आणि साइडवॉल बाहेर फुगते. स्टिअरिंग वळवलं की आधी ती फुगलेली साइडवॉल कलते, मग ट्रेड (जमिनीला टेकणारा नक्षीचा भाग) जोर धरतो. लांब, एकसारख्या वळणात हे फारसं जाणवत नाही, कारण टायर एकदा कलून स्थिरावला की पकड उत्तम देतो. स्लॅलममध्ये, म्हणजे ओळीने मांडलेल्या कोनांमधून नागमोडी जाताना, मात्र दर सेकंदाला दिशा बदलायची असते, आणि तिथे या ढिलाईची किंमत दर कोनाला मोजावी लागते. गाडी दोन टप्प्यांत वळल्यासारखी वाटते. नवखा ड्रायव्हर ती वाट बघण्याऐवजी स्टिअरिंग आणखी फिरवतो, पुढचे टायर घासतात, आणि "गाडी अंडरस्टिअर करते", म्हणजे पुरेशी वळत नाही, असा निष्कर्ष निघतो.

मग हवा वाढवून साइडवॉल कडक करावी असं वाटतं. तिथे दुसरा पेच आहे. आत ओढलेल्या टायरचा ट्रेड मधोमध फुगीर होतो. तो सपाट टेकायला हवा कमी हवी, आणि साइडवॉल उभी राहायला जास्त हवी. दोन्ही एकाच वेळी मिळत नाही. रिमच्या मानाने टायर जितका रुंद, तितकी या दोन आकड्यांच्या मधली जागा चिंचोळी होत जाते. २२५ वर दोन-तीन पीएसआय इकडे-तिकडे झाले तरी टायर सांभाळून घेतो. साडेसातवरचा २४५ एका पीएसआयलाही वेगळा वागतो. ज्याला टायर वाचता येतो त्याला हे जमतं. दुसऱ्या मोसमात ते जमायला हवं अशी अपेक्षा मी ठेवणार नाही.

मग स्ट्रीट वर्गात लोक २४५ लावतात ते का? कारण गणित जुळलं तर तो वेगवान असतो. पकड चांगली असलेल्या पृष्ठभागावर, उदाहरणार्थ नेब्रास्कातल्या लिंकनला जिथे राष्ट्रीय स्पर्धा होते त्या काँक्रीटवर, लांब वळणांच्या आखणीत, उन्हात आणि एका गाडीवर दोन ड्रायव्हर असताना रुंद टायर उष्णता सोसतो आणि शेवटच्या रनपर्यंत टिकतो. तिथे स्लॅलममध्ये गमावलेलं वळणांत परत मिळतं. त्यामुळे सल्ला देणारे दुसरे गृहस्थ चुकीचं बोलत नाहीत. ते बहुधा त्यांच्या मैदानाबद्दल आणि त्यांच्या दिवसाबद्दल बोलत आहेत.

व्यासाचा मुद्दा पुष्कळ जण काढतात, म्हणून तोही तपासून टाकू. गणिताने २१५/४५ चा व्यास ६२५ मिमी, २४५/४० चा ६२८, २२५/४५ चा ६३४, २५५/४० चा ६३६. जीआर८६ च्या दुसऱ्या गिअरचं गुणोत्तर २.१८८ आणि फायनल ड्राइव्हचं ४.१०, इंजिन ७,४०० फेऱ्यांपर्यंत नेलं असं धरलं, तर दुसऱ्या गिअरमध्ये २४५/४० वर ताशी सुमारे ६०.७ मैल मिळतात आणि २२५/४५ वर ६१.३. वजनाखाली टायर दबतो म्हणून प्रत्यक्षात दोन-तीन टक्के कमी, म्हणजे दोन्हीकडे साठाच्या जरा खाली. फरक अर्ध्या मैलाचा आहे. या गाडीचा पूर्ण टॉर्क ३,७०० फेऱ्यांनाच मिळतो, त्यामुळे एक टक्का उंच टायरने वळणातून बाहेर पडताना जीव जात नाही. या साइजांमध्ये निवड करताना व्यासावर डोकं शिणवू नका.

व्यास कळीचा ठरतो तो १६ इंची चाकांचा विचार करताना. नियमात ती बसतात, हलकी असतात, टायर बहुधा स्वस्त पडतात. पण २२५/४५ आर१६ चा व्यास ६०९ मिमी, आणि त्यावर दुसरा गिअर ५७-५८ मैलांनाच संपतो. तुमच्या क्लबची आखणी एकदा जरी साठाकडे गेली तर मध्येच तिसरा टाकायचा आणि लगेच परत दुसरा, यात जो वेळ जातो तो हलक्या चाकाने भरून निघत नाही. २२५/५० आर१६ घेतला तर व्यास ६३१ होतो आणि हा प्रश्न सुटतो, मात्र साइडवॉल उंच होते. शिवाय ब्रेकच्या कॅलिपरला १६ ची रिम घासत नाही ना, हे प्रत्यक्ष चाक चढवून बघावं लागतं. १८ इंची चाकांत मला या गाडीसाठी फायदा दिसत नाही. टायर महाग, चाक जड.

आता उष्णता. तुमच्या बाबतीत माझं पारडं इथेच झुकतं. मिशिगनचा मोसम एप्रिलमध्ये सुरू होतो तेव्हा सकाळी डांबर गार असतं. एकच ड्रायव्हर, दोन रनमध्ये बरीच मिनिटं थांबणं. रुंद टायर तापायला उशीर लावतो. पहिले दोन रन तो अर्धा झोपेत असतो, आणि दिवसात रनच मोजके. अरुंद टायर त्याच भाराखाली लवकर जागा होतो. जुलै-ऑगस्टच्या दुपारी चित्र उलटं होतं, पण तेव्हाही एकट्या ड्रायव्हरला बागेत फवारायचा पंप घेऊन टायरवर पाणी मारता येतं. थंड टायर तापवायला तसा सोपा उपाय नाही.

टायरची जातही इथे बोलते. योकोहामा अडवान ए०५२ लवकर तापतो, गारव्यात पहिल्याच रनला धरतो, पण दोन ड्रायव्हर असले की चटकन अति तापून घसरायला लागतो. ब्रिजस्टोन पोटेंझा आरई-७१आरएस वळवताना जास्त ठाम लागतो आणि उष्णता बऱ्यापैकी सोसतो. ट्रेडवेअर २०० या आकड्यावरून मात्र पकडीचा अंदाज बांधू नका. ही प्रतवारी टेक्सासमधल्या ठरावीक रस्त्यांवर ७,२०० मैल चालवून मोजलेल्या झिजेवरून होते आणि शेवटी आकडा टायर कंपनीच छापते. एकाच २०० च्या शिक्क्याखाली रोजच्या वापराला बरे टायरही आहेत आणि जेमतेम कायद्यात बसवलेले शर्यतीचे टायरही.

तसंच दोन कंपन्यांचे २२५ सारखे नसतात. विक्रेत्यांच्या तक्त्यात प्रत्येक साइजपुढे ट्रेडची मोजलेली रुंदी, एकूण रुंदी, ती कोणत्या रिमवर मोजली ते, वजन आणि मैलामागे फेरे दिलेले असतात. साइडवॉलवरच्या आकड्यापेक्षा ट्रेडची रुंदी बघा. एखाद्या कंपनीचा भरलेला २२५ दुसऱ्या कंपनीच्या २३५ इतका निघतो, आणि तो साडेसातच्या रिमवर नीट उभाही राहतो. अशा टायरच्या शोधात घालवलेली संध्याकाळ सत्कारणी लागते. वजनही त्याच ओळीत असतं, तेही बघून ठेवा. २४५ बहुतेक वेळा प्रत्येक चाकाला थोडा जडच असतो, आणि ते वजन फिरणारं असतं.

कॅम्बरबद्दल, म्हणजे चाक उभ्या रेषेपासून आत किंवा बाहेर किती कललेलं आहे त्याबद्दल, एक गोष्ट राहून जाते. स्ट्रीट वर्गात अलाइनमेंट कंपनीने दिलेल्या मर्यादेतच करायचं असतं. जीआर८६ ला पुढे स्ट्रट आहेत आणि पुढचा कॅम्बर मुळात शून्याच्या आसपास असतो. गाडी कलली की पुढच्या टायरचा बाहेरचा खांदाच सगळा भार घेतो आणि आतला भाग नुसता सोबत येतो. अशा वेळी तुम्ही २४५ लावला तरी आतले दोन-तीन सेंटिमीटर रबर वळणात फुकट जातं. म्हणून टायरच्या आधी कॅम्बर. चाकाचा वरचा भाग आत झुकवणारा (निगेटिव्ह) कॅम्बर पुढच्या चाकांना नियमात आणि कंपनीच्या पुस्तकात जेवढा मिळेल तेवढा घ्या. स्ट्रीटमध्ये पुढचा किंवा मागचा, एकच अँटी-रोल बार (गाडीचं कलणं रोखणारा दांडा) बदलता येतो. या गाडीला मी पुढचा जाड बार लावेन, कारण कलणं कमी झालं की असलेला कॅम्बर टिकतो. हे केल्यावरच रुंदी वाढवण्यात अर्थ आहे.

पुढे-मागे वेगळे साइज? नको. २२८ अश्वशक्ती आहे, मागची चाकं दुसऱ्या गिअरमध्ये अनावर होण्याइतका जोर नाही. चारही सारखे असले की खांदे झिजलेले पुढचे टायर मागे टाकता येतात, आणि एवढ्या महाग टायरांच्या बाबतीत ही बचत छोटी नाही.

तर माझा सल्ला: तुमच्या आत्ताच्या परिस्थितीत, म्हणजे कंपनीची साडेसातची रिम, एकटा ड्रायव्हर, मिशिगनचं हवामान आणि ऑफिसला जाणारी गाडी असताना, २२५/४५ आर१७ चारही. ऑफिसचा उल्लेख मी मुद्दाम करतोय. साडेसातवरचा २४५ टायर कंपनीच्या शिफारशीबाहेरचा आहे. मैदानात मिनिटभर चालवणं वेगळं, आणि हायवेवर खड्ड्यांतून ताशी सत्तर मैलांनी नेणं वेगळं. रस्त्यावरच्या गाडीवर तो लावा असं मी कुणालाही सांगणार नाही. २५५/४० चा विचार या रिमवर पूर्ण सोडून द्या.

परिस्थिती बदलली तर उत्तरही बदलेल. स्पर्धेसाठी चाकांचा दुसरा संच घेतलात, गाडीवर दुसरा ड्रायव्हर आला, काँक्रीटच्या मैदानावर जास्त धावायला लागलात आणि कॅम्बर मिळाला, तर २४५/४० आर१७ आजमावायची वेळ आली असं समजा. रुंद रिमला परवानगी असलेल्या स्ट्रीट टूरिंगसारख्या वर्गात गेलात तर सगळा हिशेब नव्याने मांडायचा. तिथेही मर्यादा असतात, पण रिम टायरला साजेशी घेता येते, आणि मग रुंदीचा फायदा पुरेपूर मिळतो.

तुलना करायची तर स्पर्धेच्या दिवशी करू नका, क्लबच्या सरावाच्या दिवशी करा. दिवस चढतो तसं डांबरावर रबर बसतं, आखणी पाठ होते, आणि दुसऱ्यांदा लावलेला टायर आपोआप वेगवान वाटतो. म्हणून आधी २२५, मग २४५, मग परत २२५. शेवटच्या २२५ ची वेळ पहिल्यापेक्षा जेवढी सुधारली, तो मैदानाचा आणि तुमचा वाटा. तो वजा करून २४५ कडे बघा. कोनांचे दंड बाजूला ठेवून नुसत्या वेळा लिहा, आणि स्लॅलमच्या वेळा जमल्यास वेगळ्या. दुसरा संच नसेल तर २४५ लावलेल्या जीआर८६ वा तिची जुळी गाडी सुबारू बीआरझेडच्या मालकाला दोन रन मागा. ऑटोक्रॉसची माणसं याबाबतीत फार उदार असतात.

भारतात, महाराष्ट्रात ऑटोक्रॉस करणारे वाचक असतील तर त्यांनी हे सगळं जसंच्या तसं उचलू नये. आपल्याकडे बऱ्याच स्पर्धा मातीवर होतात. सुट्या मातीवर रुंद टायर वर तरंगतो, अरुंद टायर खाली रुतून कडक थराला पोचतो आणि कडा चावते. तिथे ट्रेडचे ठोकळे आणि साइडवॉलची मजबुती आधी, रुंदी शेवटी. डांबरी मैदानावर स्पर्धा असेल तर मात्र रिम, कॅम्बर आणि उष्णता हाच क्रम लागू पडतो, मग गाडी स्विफ्ट असो की पोलो.

टायर आल्यावर काय करायचं तेही सांगून ठेवतो. नवीन टायर पहिल्यांदा शांतपणे तापवून पूर्ण गार होऊ द्या, मगच जोर लावा. पहिल्या दिवशी पुढे ३४ आणि मागे ३२ पीएसआयपासून सुरू करा. टायरच्या खांद्यावर खडूची रेघ मारा आणि रननंतर ती कुठपर्यंत पुसली गेली ते बघा. खांद्याच्या खालपर्यंत पुसली गेली तर हवा वाढवा, ट्रेडच्या कडेपर्यंतही पोचली नाही तर कमी करा. सुईचं थर्मामीटर मिळालं तर उत्तम, कारण नुसतं वरून मोजणारं यंत्र रांगेत येईपर्यंत गार झालेलं रबर दाखवतं. आणि मोसम संपला की हे टायर उतरवून घरात ठेवा. मिशिगनच्या हिवाळ्यात न तापवलेल्या गॅरेजमध्ये नकोत. असलं रबर गोठणबिंदूखाली कडक होतं, आणि त्या अवस्थेत गाडी नुसती पुढे-मागे केली तरी ट्रेडला चिरा पडू शकतात.